पडद्याच्या अलीकडील परिचारिका

धुळ्याहून नाशिक सुमारे १६० किलोमीटर. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्यावरून निघायचे, तर धुळ्यापर्यंतचा प्रवास त्याआधी वेगळाच. ज्यांचे गुडघे धरलेले आहेत, ज्यांना तासातासाला लघवीला जावे लागते आणि ज्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलाचा त्या दिवसाचा रोज बुडतो, अशा वृद्धाला हृदयविकारतज्ज्ञाकडे केवळ फेरतपासणीसाठी न्यायचे म्हणजे घरातील सर्वांचीच कसोटी असते. आणि एवढे करून पोहोचल्यावर प्रत्यक्ष तपासणी चालते दहा मिनिटे. त्यामुळे दूरध्वनीवरून अथवा पडद्यावरून मिळणारा वैद्यकीय सल्ला, ज्याला आता सगळेच टेलिमेडिसिन म्हणू लागले आहेत, खानदेशातील कुटुंबांना हवासा वाटला तर त्यात नवल नाही.

या दूरसल्ल्याविषयी बोलणे निघाले की दोनच गोष्टींची चौकशी होते. नेटवर्क मिळते का, आणि पलीकडे डॉक्टर कोण आहेत? या दोहोंच्या मध्ये एक तिसरी व्यक्ती असते, तिची चौकशी सहसा कोणी करत नाही. आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधणारी, त्यांचे बोलणे डॉक्टरांना समजेल अशा शब्दांत सांगणारी आणि डॉक्टरांचे बोलणे आजींच्या कानापर्यंत पोहोचवणारी परिचारिका. पडद्यापलीकडच्या तज्ज्ञाला जे दिसते ते तिने दाखवलेले असते आणि जे समजते ते तिने मोजलेले, विचारलेले असते. तेव्हा दूरसल्ल्याची प्रत बहुतांशी तिच्या शिक्षणावर अवलंबून राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते शिक्षण कसे असावे आणि आपल्यासारख्या घरच्या माणसांनी त्यातले काय जाणून घ्यावे, हा आजच्या लेखाचा विषय.

मुळात दूरसल्ला जन्मला तोच परिचारिकेच्या आधाराने. १९६८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि लोगन विमानतळावरील छोटा दवाखाना यांच्यात दूरचित्रवाणीची दुतर्फा जोडणी करण्यात आली. डॉ. केनेथ बर्ड यांचा हा उपक्रम. अंतर जेमतेम चार-साडेचार किलोमीटरचे. पण शहरातील वाहतुकीच्या कोंडीमुळे डॉक्टरांना वेळेवर पोहोचणे अवघड होई. विमानतळावरील दवाखाना परिचारिका सांभाळत. रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप त्यांनी टेकवायचा, कॅमेरा त्यांनी फिरवायचा, आणि रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरांनी ऐकायचे, पाहायचे. यंत्रे त्या काळी अवजड आणि महाग होती, आता ती खिशात मावतात. कामाची वाटणी मात्र अजून जवळपास तीच आहे.

आपल्याकडेही हा विषय अगदी कालचा नव्हे. राज्य शासनाने टेलिमेडिसिनचा प्रारंभ केला तेव्हा मुंबईचे केईएम रुग्णालय केंद्रस्थानी होते आणि त्याला जोडलेल्या पहिल्या काही जिल्हा रुग्णालयांत नंदुरबारचा समावेश होता. तोच नंदुरबार, जो १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. पुढे २०१९च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाची ‘ई-संजीवनी’ सेवा सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात, ही तिची मूळ रचना. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोय तिला जोडली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने देशभरातील दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. महाराष्ट्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. तरीही उपकेंद्रात आणि त्याहून अधिक रुग्णालयाच्या वॉर्डात, रुग्णाच्या उशाशी उभी असते ती परिचारिकाच.

मग तिला शिकवायचे काय? पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे लॉगिन कसे करावे, रुग्णाची नोंद कशी भरावी, कॉल कसा जोडावा, एवढेच समजले जाते. तेही आवश्यकच आहे. नोंदणीसाठी ओटीपी येतो तो ज्या मोबाईलवर, तो मोबाईल सुरतेला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो, अशी गंमत आपल्या भागात नेहमीची. अशा वेळी काय करायचे हे परिचारिकेला ठाऊक असायलाच हवे. परंतु बटणे दाबण्याचे शिक्षण एका दुपारी उरकते. खरे शिक्षण त्यापुढे सुरू होते आणि त्याचा पहिला धडा भाषेचा आहे.

‘मन्हा जीव घाबरस,’ असे एखादी आजी म्हणते. अहिराणी बोलणाऱ्या घरात या तीन शब्दांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. पण पुण्याच्या किंवा मुंबईच्या तज्ज्ञाला त्यातून काय कळावे? जीव घाबरणे म्हणजे कधी धाप लागणे असते, कधी छातीत धडधडणे. मधुमेहाची गोळी घेऊन जेवायला उशीर झाला, रक्तातील साखर उतरली, तरी जीव घाबरतो. मळमळ होते तेव्हाही हाच शब्द, आणि मुलीच्या संसाराची काळजी लागली तेव्हाही हाच. परिचारिकेने डॉक्टरांना घाईने ‘पेशंटला अस्वस्थ वाटते’ असे भाषांतर करून दिले, तर या पाचही शक्यतांवर पांघरूण पडले. प्रशिक्षित परिचारिका असे करत नाही. ती आजींच्या जवळ बसते. केव्हा घाबरतो, जिना चढताना की पडल्या पडल्या, घाम येतो का, जेवण केव्हा झाले होते, पाणी प्यायल्यावर बरे वाटते का, असे एकेक पदर उलगडते आणि मग डॉक्टरांना आजींचा मूळ शब्द आणि आपल्याला उमगलेला अर्थ, दोन्ही सांगते. ‘पोटमा दुखस’ म्हणणाऱ्या आबांनाही हात ठेवून जागा दाखवायला सांगावे लागते. कारण हात बेंबीपाशी गेला तर एक गोष्ट आणि बरगड्यांच्या मधोमध, खड्ड्यापाशी गेला तर निराळी. वृद्धांमध्ये, त्यातही मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये, हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताच पित्ताच्या जळजळीच्या किंवा नुसत्या थकव्याच्या रूपाने येऊ शकतो, ही गोष्ट दूरसल्ला देणाऱ्या प्रत्येक केंद्रात ठळकपणे शिकवली गेली पाहिजे.

प्रश्न विचारण्याची कला परिचर्याशास्त्राला नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रुग्णनिरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते असे प्रश्न रुग्णाला विचारू नयेत, यावर त्यांनी तिथे बराच भर दिला आहे. ‘झोप चांगली लागली ना?’ असे विचारले की आपल्याकडील म्हातारे माणूस समोरच्याचे मन राखण्यासाठी ‘हो’ म्हणून मोकळे होते. किती वाजता डोळा लागला, किती वेळा जाग आली, पुन्हा झोप लागली का, असे विचारले म्हणजे खरी हकिकत बाहेर येते. समोरासमोरच्या तपासणीत डॉक्टर चेहऱ्यावरून उरलेले ओळखून घेतात. पडद्यावर चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. तिथे प्रश्नच डोळ्यांचे काम करतात.

दुसरा धडा हातांचा, आणि त्यावर मी जरा अधिक रेंगाळणार आहे; कारण घरातील मंडळीही हा धडा गिरवू शकतात. रक्तदाबाचेच घ्या. दूरचे डॉक्टर आकड्यावर विसंबून गोळी वाढवतात किंवा कमी करतात. तो आकडाच चुकला तर? २०२४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधी तपासणी प्रसिद्ध केली. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत टेकवून घेतलेल्या मोजणीशी तुलना करता, हात मांडीवर ठेवल्यास वरचा रक्तदाब सरासरी चार अंकांनी आणि हात बाजूला लोंबता ठेवल्यास सहा-सात अंकांनी जास्त भरला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा फुगतो. पायावर पाय टाकून बसणे, मोजताना बोलणे, लघवी तुंबलेली असणे, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट आकड्यात भर घालू शकते. बसने उतरून, उन्हातून चालत, दोन जिने चढून आलेल्या आबांना खुर्चीवर टेकताच पट्टा बांधला, तर यंत्र त्यांचा रक्तदाब कमी आणि प्रवासच जास्त मोजते. पाच मिनिटे शांत बसू द्यावे, पाठ टेकलेली, पाऊल जमिनीवर सपाट, दंड उघडा; मग मोजावे. आणि दुसऱ्यांदाही मोजावे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक मोजणी हमखास राहून जाते, ती उभ्याने. आधी काही मिनिटे आडवे पडलेले किंवा बसलेले असताना रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर उठताना येणाऱ्या चक्करेचे आणि न्हाणीघरात पडण्याचे कारण तिथेच सापडण्याची शक्यता असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना जाऊन भिडतो, त्या दिवसांत लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ही मोजणी फार मोलाची. डॉक्टर पडद्यावरून हे करू शकत नाहीत, विचारायचे सुचले तरच विचारतील. परिचारिकेने आपण होऊन ‘सर, उभ्याने एवढे भरले’ असे सांगितले की सल्ल्याची दिशाच बदलते. असे मोजताना आजींचा हात धरायला दुसरे माणूस शेजारी हवे, हे वेगळे सांगायला नको.

साखर मोजताना बोट साबणाने धुतलेले आणि कोरडे हवे. केळी सोलून लगेच बोट पुढे केले, तर ग्लुकोमीटर केळ्याची साखर दाखवील. जळगाव जिल्ह्यात तर हा धोका घरोघरचा! ऑक्सिमीटर थंडगार बोटावर किंवा गडद नेलपॉलिश लावलेल्या नखावर लावू नये आणि आकडा स्थिरावेपर्यंत धीर धरावा. श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, आणि रुग्णाला न सांगता. सांगितले की माणूस श्वास बेताने घेऊ लागतो. पायावरची सूज दाखवायची तर नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरावा आणि उमटलेला खळगा कॅमेऱ्यासमोर आणावा. जोडीला वजन सांगावे. हृदय कमकुवत असलेल्या व्यक्तीचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर ते पाणी साठल्याचे चिन्ह समजून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे असते. मधुमेहीच्या पायाची जखम दाखवताना मोजा आणि चप्पल काढून तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा दाखवाव्यात, जखमेशेजारी मोजपट्टी धरावी, उजेड समोरून यावा. पाठीमागे उघडी खिडकी असली की पडद्यावर माणसाची नुसती काळी आकृती दिसते.

एवढे पाहिल्यावर ते डॉक्टरांना सांगायचे कसे, हाही शिकवण्याचाच विषय आहे. अमेरिकेच्या नौदलात, अणुपाणबुड्यांवर, थोडक्यात आणि न चुकता निरोप देण्याची एक रीत होती. तिथून ती रुग्णालयांत आली. परिचर्येच्या वर्गात आज ती जगभर शिकवली जाते. आत्ता काय होत आहे, यामागची पूर्वपीठिका काय, मला काय आढळले, आणि माझ्या मते काय करायला हवे, अशी तिची चार पावले. यातील चौथे पाऊल आपल्याकडे अडखळते. ‘डॉक्टरांना मी कसे सांगू?’ हा संकोच अनुभवी परिसेविकेलाही सुटत नाही. दूरसल्ल्यात हा संकोच महागात पडतो, कारण खोलीत असलेले जाणते माणूस तीच एकटी असते. ‘सर, या आजी कालपासून जेवलेल्या नाहीत आणि सुनेला ओळखत नाहीत, मला हे ठीक दिसत नाही,’ एवढे वाक्य बोलण्याचे धैर्य सरावानेच येते. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग कित्येकदा तापाविनाच येतो. अन्नावरची वासना उडणे, असंबद्ध बोलणे, विनाकारण तोल जाणे, हीच त्याची पहिली वर्दी असते, आणि ती देणारे आकडे कोणत्याही यंत्रावर उमटत नाहीत.

रुग्णालयांतून घरी सोडल्यानंतर परिचारिकेने दूरध्वनीवरून विचारपूस करण्याची पद्धतही आता रुळत आहे. इथे तर चित्रही नसते. इंग्लंडमध्ये १९९८ साली सुरू झालेली ‘एनएचएस डायरेक्ट’ ही सेवा मुख्यतः परिचारिकाच चालवत. लोक फोन करत आणि त्या प्रश्नोत्तरांतून ठरवत की घरी थांबावे, दवाखान्यात जावे, की रुग्णवाहिका बोलवावी. केवळ कानांनी रुग्ण पाहण्याचे हे शास्त्र आहे. बोलणारा एक वाक्य एका श्वासात पुरे करतो की मध्येच थांबतो? शब्द जड येतात का? मागून कोणी ‘सांगू नका’ म्हणून दटावते आहे का? फोन शक्यतो रुग्णाच्याच हाती द्यावा, असे परिचारिकेने सांगितले तर घरच्यांनी राग मानू नये. आजोबांच्या दुखण्याचे वर्णन मुलगा उत्तम करू शकेल. आजोबांचा दम मात्र त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.

आता संमतीविषयी. देशातील टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. रुग्णाने स्वतः डॉक्टरांशी संपर्क साधला, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. परिचारिकेने किंवा घरच्या काळजीवाहकाने संपर्क साधला असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. संमती घेण्यापूर्वी या पद्धतीचा उपयोग कोणता आणि मर्यादा कोणत्या, हेही समजावून सांगणे आरोग्य कर्मचाऱ्याचे काम आहे. स्मृतिभ्रंश किंवा तत्सम कारणाने रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तर कुटुंबीय त्याच्या वतीने बोलू शकतात. पण ज्या आजींना ऐकायला जरा कमी येते, एवढेच, त्यांना वगळून पुण्यातल्या मुलाने आणि डॉक्टरांनी परस्पर ठरवून टाकणे हे या तत्त्वांच्या आशयाला धरून नाही. परिचारिकेने आजींच्या चांगल्या कानाशी जाऊन, सावकाश, ‘आजी, आता मोठ्या डॉक्टरांशी बोलायचे आहे, चालेल ना?’ असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे चार जण कान टवकारून बसलेले असताना लघवीच्या, मूळव्याधीच्या तक्रारी मोठ्याने वदवून घेऊ नयेत; पडदा ओढावा, जमल्यास वेगळी खोली घ्यावी. जखमेची छायाचित्रे स्वतःच्या मोबाईलमधून कुठल्याशा व्हॉट्सॲप समूहावर टाकणे तर सर्वस्वी गैर. याच तत्त्वांनुसार औषधे लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचाच आहे, परिचारिकेचा नव्हे. आणि कायद्याने निर्बंध घातलेली, सवय लावू शकणारी काही औषधे दूरसल्ल्यावर मिळत नाहीत. त्यावरून सिस्टरशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

परिचारिकेला शिकवायची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कॉल न जोडणे. छातीवर दडपण आणि दरदरून घाम, अचानक वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, बोबडी वळलेली जीभ, असे काही समोर असताना पडद्यापुढे बसून नोंद भरणे म्हणजे वेळ घालवणे. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तिथे हवी १०८ची रुग्णवाहिका आणि पोहोचायचे ते सुसज्ज रुग्णालय. ‘हा रुग्ण पडद्यावर पाहण्याजोगा नाही’ असे म्हणण्याचा अधिकार परिचारिकेला आहे, आणि वरिष्ठांनी तो मान्य केला पाहिजे. महिन्याला किती कॉल झाले एवढाच हिशेब जिथे मागितला जातो, तिथे हा अधिकार कागदावरच राहील. उलट बाजूनेही, तपासणी अपुरी वाटली तर प्रत्यक्ष भेट मागण्याची मुभा रुग्णाला आणि डॉक्टरांना, दोघांनाही केव्हाही असते.

हे सारे शिकवावे कोठे? भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात आरोग्य-माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आला आहे. तेव्हा नव्याने शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींना आणि मुलांना पडद्याचे भय राहणार नाही. प्रश्न आहे वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या अधिपरिचारिकांचा. रात्रपाळी उरकून आलेल्या सिस्टरला सभागृहात बसवून तीन तास चित्रफिती दाखवल्या तर तिला झोप लागेल, आणि तो दोष तिचा नसेल. माझ्या मते याहून सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. वॉर्डातच, पाळी बदलण्याच्या वेळेआधी अर्धा तास, दोघींची जोडी करावी. एकीने रुग्ण व्हायचे, कानात कापूस घालून आणि चष्मा काढून. दुसरीने सल्ला जोडायचा. शेजारच्या खोलीतून तिसरीने डॉक्टर व्हायचे. ऐकू न येणे, डोळ्यांपुढे नुसता धूसर चौकोन दिसणे, आपल्याविषयी आपल्यादेखत दोघांनी बोलणे म्हणजे काय, हे रुग्णाच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. जोडीत एक तरुण आणि एक ज्येष्ठ असावी. तरुण मुलगी ज्येष्ठेला पडदा शिकवील, आणि सूज कशी दाबायची, ‘जीव घाबरस’ कसे उलगडायचे, हे ज्येष्ठा तिला शिकवील. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, जळगावात आणि नंदुरबारातही आता शासकीय महाविद्यालये झाली आहेत. अशा सरावाला लागणारी माणसे आणि खोल्या आपल्या भागातच आहेत.

घरच्यांनी काय करावे, हेही सांगतो. सल्ल्याच्या दिवशी औषधांच्या नावांची यादी पाठ करत बसू नका. घरातली सगळी गोळ्यांची पिशवीच सोबत न्या, रिकामी पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णे आणि शेजाऱ्यांनी दिलेली दुखण्याची गोळीही त्यात असू द्या. सिस्टर ती टेबलावर मांडतील, कॅमेऱ्यासमोर एकेक धरतील. एकाच औषधाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या रोज पोटात जात असल्याचे अशा वेळी ध्यानात येते. चष्मा, श्रवणयंत्र, जुने केसपेपर, ईसीजीची पट्टी बरोबर असावी. घरी घेतलेल्या रक्तदाबाची आणि साखरेची वही असेल तर फारच उत्तम. आणि आजींना बोलू द्या. त्या थांबतील, तारखा चुकवतील, मध्येच गाईची गोष्ट सांगतील. दुरुस्ती शेवटी करता येते.

कॉल संपला की डॉक्टरांचा चेहरा पडद्यावरून जातो आणि औषधपत्र मोबाईलवर येते. घाईने उठू नये. चांगली शिकलेली परिचारिका या वेळी एक प्रश्न विचारते: ‘आजी, आता तुम्ही मला सांगा, कोणती गोळी केव्हा घ्यायची?’ आजींनी सांगितलेले जुळले नाही, तर ती पुन्हा समजावते, रागावत नाही. तिने हे विचारले नाही तर आपणच म्हणावे, ‘सिस्टर, मी सांगतो, बरोबर आहे का बघा.’ जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या, त्या पिशवीतून तिथेच वेगळ्या काढाव्यात. मग केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पुढील सल्ल्याची तारीख, त्याआधी करायच्या तपासण्या, कोणते लक्षण दिसल्यास तारखेची वाट न पाहता निघायचे, आणि तसे झाल्यास रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. हा कागद कपाटात न ठेवता देवघराशेजारी किंवा पाण्याच्या माठाजवळ, जिथे घरातल्या सर्वांची नजर जाते, तिथे चिकटवावा.